माळ्यावरचीं दोन मुलें

पहिल्या प्रेमाविषयीं आपल्या घरांत बोलण्याच्या दोनच तऱ्हा आहेत. एक थट्टेची आणि दुसरी धास्तीची. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आरशासमोर जरा जास्त वेळ उभा राहिला, अथवा मुलगी हातांतला कागद घाईनें वहीखालीं सारूं लागली, कीं धाकटीं भावंडें हंसतात आणि वडील माणसें दबक्या आवाजांत बोलूं लागतात. त्या मुलाच्या किंवा मुलीच्या मनांत त्या वेळीं नेमकें काय चाललें आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. विचारला तरी उत्तर मिळत नाहीं. कारण तें ज्याला ठाऊक असतें त्याला तें सांगतां येत नाहीं, आणि सांगतां येऊं लागेपर्यंत तो तें विसरलेला असतो.

या नियमाला एक अपवाद आहे. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळांतला असून त्याचा लेखी पुरावा उपलब्ध आहे. आणि तो लिहिला आहे चौदा वर्षांच्या एका मुलीनें, प्रेम चालूं असतांनाच, जवळजवळ रोजच्या रोज. अ‍ॅन फ्रँकच्या रोजनिशीचें नांव माझ्या श्रोत्यांपैकीं बहुतेकांनीं ऐकलें असेल. मराठींतहि तिचा अनुवाद झालेला आहे. परंतु ती वाचतांना आपलें लक्ष युद्धाकडे आणि त्या मुलीच्या अखेरीकडे असतें, आणि मधलीं प्रेमाचीं पानें आपण जराशा संकोचानेंच उलटतों. मला आज त्या पानांविषयीं बोलावयाचें आहे.

हॉलंडांत अ‍ॅमस्टरडॅम शहरीं प्रिन्सेन्ग्राख्त नांवाच्या कालव्याच्या कांठीं २६३ क्रमांकाची एक जुनी इमारत आहे. तिच्या पुढच्या भागांत मसाल्यांचा आणि मुरंब्याला लागणाऱ्या पेक्टिनचा व्यापार करणारी पेढी होती. मागच्या भागांत, पुस्तकांच्या एका फिरत्या कपाटाआड, कांहीं खोल्या होत्या. या खोल्यांत ६ जुलै १९४२ पासून ४ ऑगस्ट १९४४ पर्यंत, म्हणजे दोन वर्षें आणि एक महिना, ज्यू माणसें लपून राहिलीं. प्रथम सात होतीं. त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत आठवें माणूस आलें. त्यांत मुलें तीन. फ्रँक कुटुंबांतल्या मार्गो आणि अ‍ॅन या दोघी बहिणी, आणि फान पेल्स कुटुंबांतला एकुलता एक मुलगा पीटर. अ‍ॅनला नुकतीं तेरा वर्षें पुरीं झालीं होतीं. पीटरला सोळावें चालूं होतें. छापील पुस्तकांत त्याचें आडनांव फान डान असें बदललेलें आढळतें. पण आतां तें झांकण्याचें कारण उरलेलें नाहीं.

हीं मुलें उपरीं होतीं असें म्हटलें म्हणजे कोणत्या अर्थानें, हें आधीं पाहिलें पाहिजे. तिघांचाहि जन्म जर्मनींतला. अ‍ॅन फ्रांकफुर्टची, पीटर ओस्नाब्रुकचा. १९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला आणि ज्यूंना त्या देशांत राहणें कठीण होत चाललें, तेव्हां फ्रँक कुटुंब लगेच हॉलंडांत आलें, फान पेल्स कुटुंब १९३७ सालीं. मुलें नव्या भाषेच्या शाळांतून रुळलीं न रुळलीं तोंच मे १९४० मध्यें जर्मन सैन्य त्यांच्या पाठोपाठ तेथें येऊन दाखल झालें. पुढच्या दोन वर्षांत एकामागून एक हुकूम निघाले. ज्यू मुलांनीं वेगळ्या शाळेंत जावें. सार्वजनिक बागेंत बसूं नये. चित्रपट पाहूं नये. पोहण्याच्या तलावांत उतरूं नये. सायकल सरकारजमा करावी. ट्रॅममध्यें चढूं नये. छातीवर पिवळी चांदणी शिवावी. आपल्याकडे अस्पृश्यतेचे जाच ज्यांनीं भोगले त्यांना ही यादी फारशी अपरिचित वाटणार नाहीं.

लपल्यानंतर तर उपरेपणाची परिसीमाच झाली. दिवसा खालीं पेढींतलीं माणसें कामावर असत, त्या वेळेंत नळ सोडावयाचा नाहीं, बूट घालावयाचे नाहींत, खिडकीचा पडदा हलवावयाचा नाहीं. आपण जगांत आहोंत हेंच जगाला कळूं द्यावयाचें नाहीं, अशी ही स्थिति. आणि त्याहूनहि सूक्ष्म असा एक उपरेपणा होता, जो सुरक्षित घरांतल्या मुलांनाहि ठाऊक असतो. अ‍ॅन आपल्या कुटुंबांत, विशेषतः आईच्या सहवासांत, स्वतःला परकी समजत असे. पीटर आपल्या आईबापांत परका होता. हा शेवटचा उपरेपणा नसता तर पहिल्या सगळ्या हुकुमांनीं हीं दोन मुलें एकमेकांच्या जवळ आलीं नसतीं, असें मला वाटतें. दीड वर्ष तीं एकाच छपराखालीं होतीं आणि तेवढ्या काळांत आलीं नव्हतीं, हें त्याचें प्रमाण आहे.

दोन्हीं घरांत अंतर होतें एका जिन्याचें. खालच्या मजल्यावर फ्रँक कुटुंब राही, वरच्या मजल्यावर फान पेल्स. ओटो फ्रँक हे फ्रांकफुर्टच्या एका सावकारी पेढीच्या घराण्यांतले. पहिल्या महायुद्धांत जर्मन सैन्यांत अधिकारी होते. लपल्यावरहि त्यांच्या हातांत डिकन्सची कादंबरी आणि शेजारीं शब्दकोश असे. मुलींना ते गटे आणि शिलर वाचून दाखवीत, बीजगणित शिकवीत, टपालानें लघुलेखनाचे आणि लॅटिनचे धडे मागवून घेत. या घरांत रागसुद्धां शब्दांतच व्यक्त होई. मत सांगण्याची मुलींना मोकळीक होती. मात्र शब्दांखेरीज दुसऱ्या मार्गानें मन दाखविण्याची संवय कोणालाच नव्हती.

वरच्या मजल्यावरचें घर निराळ्या मातीचें होतें. हेर्मान फान पेल्स हे मांसाच्या मसाल्यांतले तज्ज्ञ. मसाला हातावर घेऊन नुसत्या वासानें पारखणारे. थट्टेखोर, तंबाखूचे शौकीन, आणि ती संपली कीं चिडचिडे होणारे. लपलेल्या घरांत एकदां पुष्कळसें मांस हातीं आलें तेव्हां कमरेला फडकें गुंडाळून त्यांनीं स्वतः सॉसेजें भरलीं, आणि तीं छताला टांगलेलीं पाहून सगळीं हंसलीं. त्यांची पत्नी ऑगुस्टे या घरांत आली ती टोपीच्या पेटींत रात्रीचें भांडें लपवून. त्यावांचून आपल्याला करमत नाहीं असें ती सर्वांदेखत सांगे. नवराबायकोचीं भांडणें मोठ्या आवाजांत होत आणि तितक्याच उघडपणें मिटत. खर्चासाठीं तिचा सशाच्या कातड्याचा कोट विकावा लागला तेव्हां तर तें मजले हादरवणारें भांडण झालें. फ्रँक मुलींना हें सारें नाटकासारखें वाटे. पीटरला तें नाटक नव्हतें. तें त्याचें घर होतें.

एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. लपून दोन महिनेहि झाले नव्हते. मदतनीस बाहेरून पुस्तकें आणून देत आणि मोठ्या मुलांना जवळजवळ सगळीं वाचूं देत. फक्त स्त्रियांविषयींचें एक पुस्तक वडील माणसांनीं बाजूला ठेवलें. साहजिकच पीटरनें तेंच उचललें आणि माळ्यावर नेऊन वाचूं लागला. बापानें तें हिसकावलें. त्यानें पुन्हां मिळविलें, पुन्हां सांपडला. थप्पड बसली आणि रात्रीचें जेवण बंद झालें. मुलगा माळ्यावरच बसून राहिला, आणि खालीं मंडळी जेवीत असतांना धुराड्याच्या नळींतून त्याचा आवाज आला कीं मी मुळीं खालीं येणारच नाहीं. खालच्या घरांत हेंच घडतें तर पुस्तकावर एक लांबलचक चर्चा झाली असती. अ‍ॅननें हा प्रसंग मोठ्या गमतीनें लिहिला आहे. त्या वेळीं तिच्या लेखीं पीटर हा एक मुखदुर्बळ, आळशी, दिवसभर खाटेवर लोळणारा आणि मांजराशीं खेळणारा मुलगा होता. पीटरच्या लेखीं ती तोंडाळ, आगाऊ मुलगी होती. दोघांचेंहि निरीक्षण अगदींच चुकीचें नव्हतें.

मग १९४४ च्या जानेवारींत काय बदललें? पीटर बदलला नव्हता. बदललें होतें तें अ‍ॅनचें एकटेपण. तिच्या खोलींत आतां एक मध्यमवयीन दंतवैद्य राहत होता आणि लिहिण्याच्या मेजावर बसण्यासाठींहि तिला त्याच्याशीं तंटा करावा लागे. मार्गो समजूतदार होती, पण तिच्यापाशीं मन मोकळें होत नसे. आईशीं पटत नव्हतें. वडील प्रेमळ होते, पण ते वडील होते. रोजनिशींतली 'किटी' ही काल्पनिक मैत्रीण सर्व ऐकून घेई, परंतु उलट बोलत नसे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत अ‍ॅन वर पीटरच्या खोलींत गेली ती प्रेम करण्यासाठीं गेली नव्हती. तिला कोणाशीं तरी बोलावयाचें होतें, आणि घरांत दुसरें कोणी उरलेलें नव्हतें. निमित्त झालें शब्दकोड्यांचें. तीं सोडविण्याचा पीटरला नाद होता. त्याच्या लहानशा मेजाशीं दोघें समोरासमोर बसलीं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा संकोच पाहून तिला प्रथमच त्याच्याविषयीं कुतूहल वाटलें. त्याच रात्रीं तिला स्वप्न पडलें तें मात्र दुसऱ्याच एका पीटरचें, पूर्वीं शाळेच्या दिवसांत आवडलेल्या मुलाचें. पुढें तिच्या मनांत हे दोन पीटर एकमेकांत मिसळून गेले, आणि तसें झाल्याचें तिनें स्वतःच नोंदवून ठेवलें आहे. पहिल्या प्रेमांत समोरचें माणूस किती आणि आपण आंतून आणलेलें किती, याचा हिशेब इतक्या कोंवळ्या वयांत मांडलेला माझ्या तरी वाचनांत दुसरा नाहीं.

मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात कीं या वयांत मूल आईबापांच्या नजरेंतून स्वतःला पाहणें सोडतें आणि समवयस्काच्या नजरेंत स्वतःचें नवें रूप शोधूं लागतें. सामान्य मुलाला अशा दहा नजरा उपलब्ध असतात; शाळेंतली, खेळाच्या मैदानावरची, शेजारची. उपऱ्या मुलाला एखादीच मिळते. म्हणून त्या एका नजरेवर तो सर्व भार टाकतो. या प्रेमाची तीव्रता त्या भारांतून येते. समोरच्या माणसाच्या गुणावगुणांशीं तिचा संबंध थोडाच.

परंतु दोन घरें भिन्न असलीं म्हणजे देवाणघेवाणहि होते, आणि ती केवळ कल्पनेंतली नसते. पेढीच्या वखारींत एक मांजर होतें. तें नर कीं मादी असा वाद घरांत चालला होता. पीटरनें अ‍ॅनला खालीं नेलें, मांजर उताणें धरलें, आणि कसलाहि आडपडदा न ठेवतां, न हंसतां, न लाजतां नर कसा ओळखावा तें समजावून दिलें. अ‍ॅन थक्क झाली. तिच्या घरांत पुष्कळ पुस्तकें होतीं, सुधारलेले विचार होते; पण या विषयावर तिची आई अर्धवट बोलून थांबे. ज्या घरांत भांडणेंहि उघड्यावर होत त्या घरच्या मुलाकडून तिला हा साधेपणा मिळाला. उलट पीटरला तिच्याकडून शब्द मिळाले. मनांतलें दुःख वाक्यांत मांडतां येतें, आणि मांडलें तर जग कोसळत नाहीं, हें त्याला कोणी शिकविलें नव्हतें. आईबापांच्या भांडणांविषयीं तो प्रथमच बोलला तो तिच्यापाशीं.

पीटरच्या खोलींतून एक उभा जिना माळ्यावर जात असे. बटाट्यांचीं आणि कडधान्यांचीं पोतीं तेथें ठेवलेलीं असत, आणि बटाटे आणावयाचे हें वर जाण्याचें मोठें सोयीचें कारण होतें. घरांतली ही एकच खिडकी अशी होती कीं जिच्यांतून आकाश दिसे, आणि अंगणांतल्या चेस्टनट वृक्षाचा शेंडा. १९४४ च्या फेब्रुवारींतल्या एका सकाळीं तीं दोघें त्या खिडकीशीं बराच वेळ कांहींहि न बोलतां बसलीं होतीं. एरव्हीं सतत बोलणाऱ्या मुलीला त्या शांततेचें मोल समजलें होतें. पीटरनें तिला आपले बेतहि सांगितले. युद्ध संपलें कीं डच ईस्ट इंडीजमध्यें, म्हणजे आजच्या इंडोनेशियांत, जाऊन एखाद्या मळ्यावर राहावयाचें. आणि आपण ज्यू आहोंत हें कोणाला कळूंच द्यावयाचें नाहीं. हें ऐकून अ‍ॅनला वाईट वाटलें. तिनें पुढें एप्रिलांत आपल्या ज्यूपणाविषयीं जें लिहिलें तें ताठ मानेनें लिहिलेलें आहे. दोन घरांतला खरा भेद मला येथें दिसतो. एका घरानें मुलीला अपमान झाल्यावर त्याचा अर्थ शोधावयास शिकविलें होतें; दुसऱ्या घरच्या मुलाला अपमानापासून नुसतें दूर पळावयाचें होतें, जावापर्यंत, सुमात्रापर्यंत. त्याला दोष कोण देईल?

मार्च महिन्यांत एके संध्याकाळीं दोघांनीं एकमेकांना कबुली दिली कीं पूर्वीं आपल्याला दुसऱ्याविषयीं काय वाटत होतें. त्यांतून अ‍ॅनच्या ध्यानांत एक गोष्ट आली. आपली बडबड आणि याचें मौन हीं एकाच दुखण्याचीं दोन रूपें आहेत. दोघांनाहि आपलें मन झांकावयाचें आहे. एक आवाज करून झांकतें, दुसरें गप्प बसून. चौदा वर्षांच्या मुलीला हें सुचावें याचें आश्चर्य वाटतें. परंतु तिच्या वयापेक्षां तिच्या परिस्थितीचा त्यांत वांटा अधिक असावा. ज्याला बाहेर पाहण्याजोगें कांहीं उरत नाहीं तो आंत बारकाईनें पाहूं लागतो.

आठ माणसांच्या त्या घरांत कोणतीहि गोष्ट लपणें शक्य नव्हतें. पीटरची आई टोमणे मारी. अ‍ॅनच्या आईनें वर वारंवार जाण्याला हरकत घेतली. मार्गोचें वागणें मात्र मोठें हृद्य आहे. तीहि पीटरशीं बोलण्यास उत्सुक असावी अशी शंका अ‍ॅनला येत होती. दोघी बहिणींनीं एकाच घरांत राहून एकमेकींना पत्रें लिहिलीं, आणि मार्गोनें कळविलें कीं आपल्याला मत्सर वाटत नाहीं. ज्याच्याशीं अशी जवळीक करावी असा माणूस आपल्याला भेटलेला नाहीं याचें मात्र वाईट वाटतें. अठरा वर्षांची ती शहाणी मुलगी या कथेंत फारशी दिसत नाहीं. तिनेंहि रोजनिशी लिहिली होती असें अ‍ॅन सांगते; ती मिळालेली नाहीं.

९ एप्रिलच्या रात्रीं पेढींत चोर शिरले, दार फोडलें, आणि आठहि माणसें पकडले जाण्याच्या भीतीनें रात्रभर अंधारांत निश्चल बसून राहिलीं. त्यानंतर सहाच दिवसांनीं, १५ एप्रिलच्या शनिवारीं संध्याकाळीं, पीटरच्या खोलींत पहिलें चुंबन झालें. तेंहि घाईगर्दींत, नेम चुकलेलें. अ‍ॅन जिना उतरून धांवत खालीं गेली. त्यानंतर तिच्या पानांतून आनंदापेक्षां विचारच अधिक दिसतात. हें योग्य झालें काय? मार्गोला काय वाटेल? वडिलांना सांगावें काय? पीटरशीं बोलून तिनें वडिलांना सांगण्याचें ठरविलें.

येथें ओटो फ्रँक यांचें वागणें मुद्दाम पाहण्यासारखें आहे. ते हंसले नाहींत, ओरडले नाहींत. त्यांनीं मुलीला जें सांगितलें त्याचा आशय असा: बाहेरच्या जगांत मुलगा-मुलगी भेटतात आणि मग आपापल्या मार्गानें जातात, त्यांना इतर मित्र असतात, खेळ असतात, उघडी हवा असते, नको वाटलें तर दूर राहतां येतें. येथें तुम्हीं दिवसरात्र एकमेकांच्या समोर आहां, पळून जावयास जागा नाहीं; म्हणून येथें जपून राहिलें पाहिजे, आणि वर इतकें जाऊं नये. मला यांत मोठें शहाणपण दिसतें. प्रेम वाईट आहे असें हा बाप म्हणत नाहीं, मुलगा हलका आहे असेंहि म्हणत नाहीं. कोंडलेल्या जागेंत भावना किती झपाट्यानें वाढते आणि तिला माघार घेण्यास जागा कशी राहत नाहीं, तेवढेंच तो दाखवितो.

मुलीनें तें ऐकलें नाहीं. उलट मे महिन्याच्या आरंभीं तिनें वडिलांना एक पत्र लिहिलें. आपण दुःखांत होतों तेव्हां तुम्हीं कोणीं मदत केली नाहीं. आपण एकट्यानें झगडून उभ्या राहिलों. आतां आपण कोणाला जबाब देण्यास बांधलेल्या नाहीं. असा त्याचा भाव होता. तें वाचून ओटो फार दुखावले. मुलीसाठीं आपण सर्व केलें अशी त्यांची समजूत होती, आणि ती खोटीहि नव्हती. दुसऱ्या दिवशीं बापलेकींचें बोलणें झालें, रडणें झालें. आणि अ‍ॅननें आपल्या निष्ठुरपणाची लाज वाटल्याचें स्वच्छ लिहून ठेवलें. वर जाणें मात्र तिनें बंद केलें नाहीं. प्रत्येक घरांत कधींना कधीं येणारा हा प्रसंग आहे; त्या घरांत दार आपटून बाहेर निघून जाण्याची सोय नव्हती, म्हणून तो शेवटपर्यंत बोलला गेला एवढेंच.

आतां एका वेगळ्या गोष्टीकडे वळलें पाहिजे, आणि नभोवाणीवरून बोलतांना ती सांगण्यास मला विशेष आनंद वाटतो. २८ मार्च १९४४ रोजीं लंडनहून 'रेडिओ ओरान्ये' या डच केंद्रावरून, परागंदा डच सरकारचे शिक्षणमंत्री बोल्केस्टाइन यांचें भाषण झालें. युद्धकाळांतल्या सामान्य माणसांच्या रोजनिशा आणि पत्रें जपून ठेवावींत, युद्धानंतर तीं संग्रहित करण्यांत येतील, असें त्यांनीं सांगितलें. मागच्या घरांतलीं आठहि माणसें तें ऐकत होतीं, आणि सर्वांच्या नजरा अ‍ॅनच्या वहीकडे वळल्या. वीस मेच्या सुमारास तिनें सारी रोजनिशी सुट्या कागदांवर पुन्हां लिहावयास घेतली. पुस्तक म्हणून, परक्या वाचकांसाठीं. दोन-अडीच महिन्यांत तिनें दोनशेंहून अधिक कागद लिहिले.

या पुनर्लेखनांत तिनें काय गाळलें, हें पाहण्यासारखें आहे. १९४४ च्या पहिल्या तीन महिन्यांतला पीटरविषयींचा बराचसा भाग तिनें सोडून दिला. पुनर्लेखन मार्चअखेरच्या नोंदीपर्यंत पोहोंचलें होतें. एप्रिलांतलें चुंबन पुन्हां लिहिण्यास तिला वेळच मिळाला नाहीं. म्हणजे वर माळ्यावर प्रेम चालूं असतांना खालीं मेजावर लेखिका तेंच प्रेम कमी करीत होती. जुलैच्या मध्यास तिनें आपला निष्कर्षहि लिहून ठेवला. आपण त्याला ओढून घेतलें, तो आपण होऊन आला नाहीं; आतां तो आपल्याला धरून बसला आहे; परंतु ज्या गोष्टी आपल्याला बोलावयाच्या आहेत त्या त्याच्याशीं बोलतां येत नाहींत; त्याला ध्येय नाहीं, तो दुबळा आहे. निकाल कठोर आहे. पण त्यांत स्वतःची चूक तिनें आधीं मांडली आहे, हें विसरूं नये. ऐकणारा हवा म्हणून ती वर गेली होती. ऐकणारा मिळाला, आणि तिला दिसलें कीं तिला बोलावयाचें होतें तें याहून पुष्कळ मोठ्या श्रोतृवर्गाशीं.

पीटरच्या बाजूनें बोलणारें कोणी नाहीं, म्हणून दोन शब्द मी बोलतों. ४ ऑगस्ट १९४४ रोजीं सर्वजण पकडले गेले आणि सप्टेंबरच्या आरंभीं ऑश्विट्झच्या छळछावणींत पोहोंचले. पुरुष आणि स्त्रिया स्थानकावरच वेगळ्या करण्यांत आल्या. हेर्मान फान पेल्स यांना थोड्याच आठवड्यांनीं विषारी वायूच्या कोठडींत ठार करण्यांत आलें. पीटरला छावणीच्या टपालखात्यांत काम मिळालें. ज्यू नसलेल्या कैद्यांना पार्सलें येत, त्यामुळें तेथें काम करणाराला कधीं जादा अन्न हातीं लागे. आणि तो तें ओटो फ्रँक यांच्यासाठीं घेऊन जाई. ज्याला ध्येय नाहीं, जो दुबळा आहे, तो हा अठरा वर्षांचा मुलगा. जानेवारी १९४५ मध्यें रशियन सैन्य जवळ आलें तेव्हां जर्मनांनीं चालूं शकणाऱ्या कैद्यांना पश्चिमेकडे हांकलें. ओटो आजारी म्हणून रुग्णालयांत होते. येथेंच लपून राहा, असें त्यांनीं पीटरला विनविलें. पण दोन वर्षें लपून काय मिळालें हें पाहिलेला तो मुलगा. त्यानें चालण्याचें ठरविलें. तो ऑस्ट्रियांतल्या माउट्हाउझेनच्या छावणींत पोहोंचला. अमेरिकन सैन्यानें ती छावणी ५ मे १९४५ रोजीं मुक्त केली. अलीकडच्या संशोधनाप्रमाणें पीटर त्यानंतर पांच दिवसांनीं तेथल्या आजाऱ्यांच्या बराकींत वारला. ओटो रुग्णालयांत राहिले म्हणून वांचले.

आणखी एक गोष्ट, कारण पीटरच्या आईविषयीं अ‍ॅननें पुष्कळ कडू लिहिलें आहे. अ‍ॅन आणि मार्गो यांना पुढें बेर्गेन-बेल्झेनच्या छावणींत नेण्यांत आलें; ऑगुस्टे फान पेल्स याहि तेथें होत्या. पेंढ्यानें बुजविलेल्या काटेरी कुंपणापलीकडून अ‍ॅनची बालमैत्रीण हाना गोस्लार हिनें अंधारांत हांक मारली, तेव्हां ती ओळखली ऑगुस्टेनीं, आणि अ‍ॅनला कुंपणापाशीं बोलावून आणलें तेंहि त्यांनींच. १९४५ च्या आरंभींच्या त्या हिंवाळ्यांत आधीं मार्गो आणि मग अ‍ॅन तेथेंच मरण पावल्या. ऑगुस्टेहि परत आल्या नाहींत. आठांपैकीं परतले एकटे ओटो.

अ‍ॅमस्टरडॅमला आल्यावर, मुली गेल्याची बातमी पक्की झाली तेव्हां, मीप खीस या मदतनीस बाईंनीं मेजाच्या खणांत जपून ठेवलेल्या वह्या आणि कागद त्यांच्या हातीं दिले. पुस्तक २५ जून १९४७ रोजीं प्रसिद्ध झालें. तें तयार करतांना ओटोंनीं मुलीच्या दोन्ही प्रती समोर ठेवल्या. आईविषयींचे कांहीं कठोर उद्गार त्यांनीं गाळले. आणि पीटरविषयींचा जो भाग मुलीनें काढून टाकला होता तो मूळ वहींतून काढून परत घातला. वर जाऊं नको असें जिला त्यांनीं सांगितलें होतें, तिच्या वर जाण्याचीं पानें त्यांनीं स्वतः टंकलिखित केलीं. आपल्या मुलीला आपण ओळखत नव्हतों, असें पुढें त्यांनीं एका मुलाखतींत मान्य केलें आहे. १९५५ सालीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या नाटकानें हें प्रेम अधिक गोड करून जगाला दाखविलें; नाटकाला तसें करावें लागतें, पण जुलैमधली ती कठोर नोंद वाचल्यावर तें नाटक मला पुरेसें खरें वाटत नाहीं.

तें घर १९६० पासून संग्रहालय आहे. ओटोंच्या इच्छेप्रमाणें खोल्या रिकाम्याच ठेवल्या आहेत. अंगणांतला चेस्टनट वृक्ष २०१० च्या ऑगस्टांत वादळांत कोसळला. पीटरच्या खोलींतला तो उभा जिना अजून आहे. मात्र माळ्यावर प्रेक्षकांना जाऊं देत नाहींत.